डबी ड्रॉवरमध्येच होती

मित्रांनो, आज सकाळपासून स्वतःचीच लाज वाटून राह्यली आहे, म्हणून इथं लिहितोय.

आम्ही महागावचे. माझं काम घरूनच, लँडलाइनच्या नेटवर. आईनं तिच्या खोलीतला फोन उचलला की नेट हमखास तुटायचं. एकदा ऐन मीटिंगमध्ये तुटलं आणि मी तिच्यावर खेकसलो, "दिवसा फोनले हात नको लावत जाऊ!"

मोबाईलवर तिला नीट ऐकू येत नाही. ढाणकीच्या मावशीशी दुपारी त्या फोनवर बोलणं हीच तिची करमणूक. त्या दिवसापासून चार महिने तीही बंद.

आज लाइनमन रफिकभाई लाइन तपासायला आले. आईच्या फोनची वायर बघून म्हणाले, "भाऊ, एकाच तारेतून आवाज बी येते अन् नेट बी. दोघाले अलग करायले फिल्टरची डबी लागते. मॉडेमसंग भेटली असन ना? इथं काहून नाही लावली?"

डबी ड्रॉवरमध्ये होती. बिनकामाची समजून मीच टाकलेली, पिशवीसुद्धा न फोडता.

रफिकभाईंनी ती लावली. फोनही चालू, नेटही चालू. पाच मिनिटांचं काम.

मी म्हटलं, "आई, लाव मावशीले फोन. आता काही होत नाही."

"राहू दे बाबू. तुही मीटिंग असन."

शेवटी नंबर मीच लावून दिला. ती दोनच मिनिटं बोलली, तीही सारा वेळ माझ्या लॅपटॉपकडे बघत.

ही भीती मी घातली आहे. ती कशी काढायची, सांगा कोणीतरी.