एक्केचाळीस ओळींची फाईल

मन्सूर शेख यांना कोणी विचारलं की तुम्ही संस्थेत काय काम करता, तर ते म्हणायचे, "लोकांची आठ आठ अक्षरं सांभाळतो." ऐकणारा पुढे काही विचारायचा नाही, आणि त्यांना तेच हवं असायचं. चंद्रपूरच्या आमच्या आरोग्य संस्थेत त्यांचं टेबल माझ्या औषधांच्या कपाटाला लागून होतं, म्हणून बारा वर्षं हा माणूस मी जवळून पाहिला. शिस्तीचा, थोडा कुरकुरणारा, आणि स्वतःच्या हस्ताक्षरावर मनापासून खूश. संगणक येण्याआधी रक्ततपासणीचं रजिस्टर त्यांच्याकडे असायचं. त्यात खाडाखोड शोधायला बसलात तर दिवस वाया जायचा.

आमची संस्था सिकलसेलचं, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचं काम करायची. सिंदेवाही, सावली आणि त्यापलीकडे गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांत आमच्या आरोग्यसेविका बोटाला सुई टोचून रक्त घ्यायच्या आणि नमुने चंद्रपूरला यायचे. काही जण निरोगी निघत, थोडे आजारी निघत, आणि बरेच जण नुसते वाहक निघत. वाहकाला स्वतःला काही होत नाही. दोघं वाहक नवरा-बायको झाले तर मुलांना आजाराचा धोका, एवढंच. पण गावात 'एवढंच' कोणी ऐकून घेत नाही. म्हणून निकाल ज्याचा त्याला, एकट्याला, सेविकेनेच सांगायचा असा नियम होता.

दोन हजार एक साली मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं की निकाल कागदावर जीपने पाठवण्यापेक्षा वेबसाइटवर ठेवायचे. सिंदेवाहीच्या उपकेंद्रात एक संगणक बसला. बाजाराच्या दिवशी सेविकेने तिथे यावं, आपलं नाव आणि पासवर्ड टाकावा, आणि फक्त आपल्या गावाचं पान बघावं. ही नावं आणि पासवर्ड ज्या फाईलमध्ये असत, ती सांभाळायचं काम मन्सूरभाईंकडे आलं. तेव्हा ते एकोणपन्नास वर्षांचे होते. मुलगी नाहीद बल्लारपूरला संगणकाचा कोर्स करत होती, तिने घरी बसवून शिकवलं. "अब्बा, आधी वाचा, मग एन्टर दाबा. तुम्ही दाबून मग वाचता," ही तिची तक्रार.

तिचं खरं होतं. पहिल्याच महिन्यात एक नवं नाव घालताना मन्सूरभाईंनी कमांडमध्ये एक अक्षर जास्तीचं टाइप केलं. त्या अक्षराचा अर्थ होता, नवी फाईल बनव. संगणकाने निमूटपणे बनवली. आधीची सदतीस नावं गेली आणि एक उरलं. दोन आठवडे सदतीस ठिकाणी फोन करून त्यांनी सगळं पुन्हा भरलं. त्यानंतर दर शुक्रवारी दुपारच्या नमाजाला निघण्याआधी ते फाईलची एक प्रत फ्लॉपीवर घ्यायचे, तारीख घालायचे आणि फ्लॉपी बिस्किटाच्या डब्यात ठेवायचे. शिवाय एक रजिस्टर उघडलं. कोणाचं नाव घातलं, काढलं, बदललं, ते तारीखवार त्यात लिहायचे. संगणकाचं काम वहीत लिहिणारा हा एकच माणूस मी पाहिला. त्यावरून मी त्यांना पुष्कळ चिडवलं.

फाईल मी पाहिली होती. दिसायला अगदी साधी. एका ओळीत एक नाव, मग एकाखाली एक दोन टिंबं, आणि मग तेरा अक्षरांचा गिचमिड मजकूर. पासवर्डपासून हा मजकूर तयार होतो, पण मजकुरावरून पासवर्ड परत काढता येत नाही. मन्सूरभाईंना याचं भारी कौतुक. "मीच या फाईलचा मालक, अन् मलेच वाचता येत नाही," असं ते नव्या माणसाला दहा वेळा सांगायचे. कोणी पासवर्ड विसरला तर जुना सांगणं अशक्यच. त्याच नावाने नवा टाकायचा, की जुनी ओळ जाऊन नवी येते. आठ अक्षरांच्या पुढचं ते यंत्र बघतच नाही, म्हणून ते सगळ्यांना सांगत, आठ पुरे, उगाच लांबण लावू नका.

आता यात एक गोम होती, आणि ती आम्हा कोणालाच गोम वाटली नव्हती. पासवर्ड ज्याचा त्याने स्वतः टाइप करावा, अशी ती सगळी रचना. पडद्यावर अक्षरंसुद्धा उमटत नाहीत. पण आमच्या सेविका चंद्रपूरला कधी येणार? त्यांच्याकडून एसटीडी बूथवरून फोन यायचा आणि पासवर्ड सांगितला जायचा. मन्सूरभाई ऐकायचे, टाइप करायचे आणि प्रामाणिकपणे विसरून जायचे.

सोमारी ही त्यातलीच एक सेविका. तिचं गाव सिंदेवाहीहून जंगलात आत, बस सुटल्यावर आणखी तीन किलोमीटर पायी. गोंडांचं गाव. सातवी शिकलेली, कामाला चोख, बोलायला कमी. दर सोमवारी बाजाराला यायची आणि उपकेंद्रात एका बोटाने टकटक करत आपलं पान उघडायची. त्या गावात संगणकाला हात लावलेली ती पहिलीच, आणि तिचा रुबाब गावात कळत होता.

दोन हजार चारच्या मे महिन्यात तिच्या गावातल्या दिव्या नावाच्या मुलीचं जुळलेलं लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी निरोप धाडला, मुलीच्या रक्तात सिकल आहे, आम्हाला कळलं. दिव्या वाहक होती हे खरं. पण ते माहीत होतं फक्त दिव्याला, तिचा बाप पोचू याला, आणि सोमारीला. पोचू थेट चंद्रपूरला आला आणि मोठ्या डॉक्टरांसमोर उभा राहिला. त्याने आवाज चढवला नाही. "आमी रगत तुमच्या भरोशावर देलं," एवढं म्हणून तो थांबला.

डॉक्टरांनी मन्सूरभाईंना नोंदी काढायला सांगितल्या. कोण कधी कोणतं पान उघडतं, हे यंत्र आपोआप लिहून ठेवतं. मार्चच्या मध्यात तीन वेळा सोमारीच्या नावाने तिच्या गावाचं पान उघडलं होतं. कुठल्या संगणकावरून, ते सांगणारे आकडे दर वेळी वेगळे, त्यावरून काही ठरत नव्हतं. सोमारीला बोलावलं. ती म्हणाली, "मी तं अर्ध्या मार्चपासून आत गेलीच नाई. उघडतच नव्हतं."

"मग सांगितलं का नाही?" डॉक्टर.

तिने खाली पाहिलं. "मले वाटलं, मीच इसरली."

डॉक्टरांनी मन्सूरभाईंकडे वळून विचारलं, हिचा पासवर्ड दुसऱ्या कोणाला कळू शकतो का. मन्सूरभाईंनी नेहमीचं उत्तर दिलं. "तिनं स्वतः सांगितल्याशिवाय नाही, साहेब. मलाही वाचता येत नाही." ते खोटं बोलले नव्हते. पण त्या वाक्याने सोमारीचं काम गेलं. सुयांची पेटी तिच्याकडून मीच मोजून घेतली आणि तिची सही घेतली. सही करताना तिचा हात हलला नाही, हे मला तेव्हा कोडगेपणाचं वाटलं. आज त्याची लाज वाटते.

गावात तिचं काय झालं ते जीपचा ड्रायव्हर सांगायचा. बाया विहिरीवर तिच्याशी बोलेनाशा झाल्या. पोचूच्या घरावरून ती जाईनाशी झाली. कोणी काही केलं नाही, फक्त तिला कोणी काही सांगेना.

मन्सूरभाई मात्र अस्वस्थ होते. 'उघडतच नव्हतं' हे त्यांच्या डोक्यातून जाईना. खोटं बोलणारी बाई 'मी कोणाले सांगतलं नाई' म्हणेल, 'उघडतच नव्हतं' कशाला म्हणेल? तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बिस्किटाचा डबा काढला. पाच मार्चची फ्लॉपी आणि बारा मार्चची फ्लॉपी. दोन्हीतल्या ओळी शेजारी शेजारी छापल्या आणि पट्टी लावून एकेक ताडून पाहायला लागले. चाळीस ओळी जशाच्या तशा होत्या. सोमारीच्या ओळीतली तेरा अक्षरं वेगळी होती.

मग त्यांनी रजिस्टर उघडलं. त्यांच्याच सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं. ९ मार्च, मंगळवार. सोमारी. विसरल्यामुळे नवीन दिला. फोनवर, भाऊ बोलला.

त्यांनी ते पान माझ्यापुढे सरकवलं. मग मला म्हणाले, "मीच दिला. कोणीतरी म्हणे, मी सोमारीचा भाऊ बोलतो, ती इसरली, नवीन टाकून द्या. मी टाकला. त्यालेच सांगितला." तीन वेळा पान उघडलं ते मंगळवारी, बुधवारी आणि शुक्रवारी. सोमारी यायची सोमवारी. नोंदी त्यांनीच छापल्या होत्या, पण वार कोणी पाहिले नव्हते.

मी त्यांना गप्प राहायला सांगितलं. हे लिहून ठेवतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. मी म्हटलं, मन्सूरभाई, ही फाईल या इमारतीत तुमच्याशिवाय कोणी उघडत नाही. फ्लॉप्या तुमच्या, रजिस्टर तुमचं. बावीस वर्षं झाली, आठ उरली. सोमारीला आपण सहा महिन्यांनी दुसरीकडे लावू. माझं सगळं व्यवहाराला धरून होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "जीप उद्या कोणत्या बाजूले जाऊन राह्यली?"

डॉक्टरांना त्यांनी त्याच संध्याकाळी लेखी दिलं. डॉक्टर म्हणाले, मी गावाला पत्र पाठवतो. मन्सूरभाई म्हणाले, पत्र तिथे कोण वाचेल, सोमारीच ना? दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं निघालो. शेवटचे तीन किलोमीटर रजिस्टर काखेत मारून ते माझ्यापुढे चालत होते, आणि मला त्यांचा राग येत होता.

समाजमंदिराच्या ओसरीवर पन्नासेक माणसं जमली. पोचू पुढे होता. दिव्या खांबाला टेकून बसली होती. सोमारी सगळ्यांच्या मागे, थोडी वेगळी. मन्सूरभाई बसले नाहीत.

"सोमारीनं कोणाले काही सांगितलं नाही," ते म्हणाले. "माझ्याकडून गेलं."

"तुमी तं आमच्या गावात आज पयल्यांदा आले," पोचू म्हणाला.

त्यांनी फोनचं सांगितलं. नाव आणि पासवर्ड म्हणजे काय, जुना जाऊन नवा कसा येतो, आणि नवा आल्यावर सोमारीचा जुना का चालेना, तेही सांगितलं. रजिस्टरातली ओळ वाचून दाखवली. लोक शांतपणे ऐकत होते. मला वाटलं होतं, कोणाला कळणार नाही. सगळ्यांना कळलं.

पोचूने विचारलं, "थो म्हणे भाऊ, तं भाऊ. तुमी सोमारीले काऊन नाई इचारलं?"

मन्सूरभाईंनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "माणसाचा आवाज होता. माझ्या बहिणीचं काम आहे म्हणाला. मले तेवढं पुरलं." ते पुढे म्हणाले, "काल रात्री रजिस्टर पुन्हा पाहिलं. एकोणतीस बायांची नावं आहेत. त्यातल्या एकवीस जणींचा पासवर्ड मले त्यांच्या माणसांनी सांगितला आहे. कोणाचा नवरा, कोणाचा भाऊ, कोणाचा सासरा. एकीलेही मी फोनवर बोलाव म्हटलं नाही."

बायांमध्ये थोडी चुळबुळ झाली आणि थांबली. पोचूने मागे वळून सोमारीकडे पाहिलं, आणि तिला पुढे येऊन बसायला हाताने जागा दाखवली. ती आली नाही. होती तिथेच बसून राहिली. माफी मागायला मन्सूरभाई तिच्याकडे गेले, तेव्हा तिने ऐकून घेतलं आणि मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ हो होता की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

तो फोन कोणी केला हे कधीच कळलं नाही. दिव्याचं ते लग्न परत जुळलं नाही. संस्थेने मन्सूरभाईंना मेमो दिला, आणि जुलैपासून ती फाईल नागपूरच्या एका कंपनीकडे जाणार असं ठरलं. मन्सूरभाईंनी त्याविरुद्ध एक शब्द काढला नाही. उरलेल्या महिन्यात त्यांनी एकच परवानगी मागितली, सगळ्यांना एकेक करून चंद्रपूरला बोलवायची. प्रत्येकीने स्वतःच्या हाताने टाइप करायचं. बसभाडं संस्था देईल असं डॉक्टरांनी मान्य केलं.

सोमारीला सर्वांत आधी बोलावलं होतं, ती सर्वांत शेवटी आली. जूनच्या अखेरीला. पेटी मी तिला परत दिली तेव्हा तिने आतल्या सुया मोजून घेतल्या. मग ती मन्सूरभाईंच्या खुर्चीवर बसली. त्यांनी कमांड टाइप केली, तिचं नाव टाकलं, आणि उठून खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मलाही त्यांनी हाताने वळायला लावलं. मागे टकटक ऐकू आली, एका बोटाची, आठ वेळा. यंत्र दोनदा विचारतं, म्हणून पुन्हा आठ वेळा.

"झालं," ती म्हणाली.

मन्सूरभाई वळले. पडद्यावर बदल झाल्याची ओळ आली होती. ती त्यांनी रजिस्टरात उतरवली आणि सवयीने विचारलं, "ध्यानात राहील ना, बाई?"

सोमारीने पेटी उचलली. दारापर्यंत गेली आणि थांबली.

"भाऊ," ती म्हणाली, "पयला बी मी इसरली नव्हती."