खायचा कडप्पा

लग्न होऊन पुण्याहून कुंभकोणमला आले, तेव्हा पन्नास साल नुकतंच उलटलं होतं. सासर तंजावरी मराठी. पहिल्याच सकाळी सासूबाईंनी विचारलं, "तुज कडप्पा चालेल की?"

आमच्या माहेरी कडप्पा म्हणजे ओट्याची काळी फरशी. मी म्हटलं, "आम्ही त्यावर पोळ्या लाटतो."

घरभर हशा झाला. मग इडलीशेजारी वाटी आली. मऊ मूगडाळ, बटाटा, वर खोबरं-बडीशेपेचं वाटण. पुढं दोन दिवस मी तेच मागून खाल्लं.

वर्षभरानं माझे वडील आले. ते शाळेत मराठी शिकवायचे. शब्दाचं मूळ सापडल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे.

"हे नाव आलं कुठून?"

मामंजी म्हणाले, "कडप्पा गावचा कुणी आचारी आला असेल."

वडिलांना ते फारच सोपं वाटलं. तेवढ्यात सासूबाई पदर सावरून गंभीरपणे म्हणाल्या, "दरबारच्या मुदपाकखान्यात एक अप्पा होते. आमटी चुलीवर ठेवली कीं त्यांस डुलकी लागायची. पोरं ओरडायचीं, 'कढ, अप्पा, कढ!' एकदा जागे झाले तंवर आमटी आटून घट्ट. तोच हा कढप्पा."

मामंजींना ठसका लागला. मी ताटातून मान वर काढली नाही. वडील मात्र खुलले. "बरोबर. तमिळ जिभेवर ढचा ड होणारच," म्हणत त्यांनी उरलेला कडप्पा चाटूनपुसून संपवला आणि संध्याकाळी विठोबाच्या देवळात, भजन आटोपल्यावर, साऱ्या मंडळींना अप्पांची कथा ऐकवली. सासूबाई खांबाआड तोंडाला पदर लावून बसल्या होत्या.

वडील परत गेले. महिन्या-दीड महिन्यानं जवळच्याच इन्नंबूर गावी दिलेली नणंद माहेरपणाला आली. सासूबाई कडप्पा वाढत असताना ती म्हणाली, "आई, हें नांव कसं पडलं ठाऊक आहे?" तिच्या गोष्टीतल्या अप्पांचं वजन वाढलं होतं. घोरणं राजवाड्यापर्यंत जायचं, आणि आमटी आवडल्यामुळे राजानं त्यांना एक गाव इनाम दिलं होतं.

सासूबाई हातातला डाव तसाच धरून लक्षपूर्वक ऐकत राहिल्या.

भांडी आवरताना मी म्हटलं, "तुम्ही रचलेली गोष्ट केवढी झाली, पाहिलंत?"

"रचलेली कशी?" त्या शांतपणे म्हणाल्या. "मज इनामाचं ठाऊक नव्हतं, एवढंच. तूं पुण्याची, तुज आमच्या दरबारचं काय कळणार?"