पुढच्या जूनला

मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा आमच्या वर्गातल्या मुलांपुढे एकच प्रश्न होता, पुण्याला जायचं की सांगलीला. सोलापुरात तेव्हा गिरण्या होत्या, माग होते, तालमी होत्या, कोर्ट होतं. कॉलेज नव्हतं. माझ्यापुढचा प्रश्न मात्र जगावेगळा होता. मला पुणं आणि सोलापूर यांतून निवडायचं होतं, आणि सोलापूरचं कॉलेज अजून निघायचं होतं.

ते काढणाऱ्या कमिटीचे चिटणीस म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. शाळेत ते गणित शिकवायचे आणि कधी चुकायचे नाहीत. चुकले ते एकदाच, माझ्या बाबतीत. कॉलेज पुढच्या जूनला निघणार असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. गावात कॉलेज निघत असताना चिटणिसाचाच मुलगा पुण्याला पळाला तर लोक तोंडात शेण घालतील, असं त्यांचं म्हणणं. शिवाय युनिव्हर्सिटीकडे अर्ज करायचा तर इथं शिकायला तयार असलेल्या मुलांची यादी जोडावी लागणार होती. त्या यादीत पहिलं नाव माझं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं.

"एका वर्षाचा तर प्रश्न आहे की," अण्णा म्हणाले. मी गप्प बसलो. वडिलांपुढे गप्प बसण्याला त्या काळी होकार म्हणत असत.

कमिटी दर रविवारी शाळेच्या हॉलमध्ये भरायची. अक्षर बरं म्हणून सभेची हकीकत वहीत लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्यामुळे गावचे शहाणे लोक एका कॉलेजचं काय काय करू शकतात ते मला सविस्तर ठाऊक आहे. पहिले तीन महिने जागेत गेले. निम्म्यांना ते स्टेशनजवळ हवं होतं, निम्म्यांना तळ्याकाठी. मग नावावरून रुसवेफुगवे झाले. एक सूतव्यापारी शेटजी म्हणाले, तेलुगूची सोय झालीच पाहिजे. लगेच अक्कलकोटकडचे एक गृहस्थ उठले आणि मग कानडीनं काय घोडं मारलंय म्हणून विचारते झाले. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! ही म्हण मी दर रविवारी डोळ्यांनी बघत होतो आणि वळणदार अक्षरात उतरवून घेत होतो.

अध्यक्ष होते एक नामांकित वकील. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गातला. यादीत त्याचं नाव दुसरं. जून उजाडला आणि हा गडी गुपचूप पुण्याला जाऊन कॉलेजात दाखल झाला. रविवारी कुणीतरी विषय काढला तेव्हा वकीलसाहेबांनी सांगितलं की मुलाच्या घशाला सोलापूरची धूळ सोसत नाही, डॉक्टरांनी पुण्याची हवा सांगितली आहे. हा मुलगा माझ्याबरोबर भर उन्हात तालमीच्या मातीत लोळून वाढलेला. अण्णांनी यादीतलं त्याचं नाव खोडलं आणि त्याला लवकर आराम पडो असं म्हणाले. तेही मनापासून म्हणाले, याचा मला जास्त राग आला.

दुसऱ्या वर्षी कमिटीला खरंखुरं कारण मिळालं. तीस सालच्या धामधुमीत गावात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लागला. चार माणसांनी एकत्र उभं राहायची चोरी, तिथं सभा कुठली भरणार? ते दिवस सरले तेव्हा तोही जून हातचा गेला होता. मी शिकवण्या करत होतो. दिवाळीला वर्गमित्र सुटीवर यायचे, प्रोफेसरांच्या आणि खाणावळीच्या गोष्टी सांगायचे, आणि जाताना हमखास विचारायचे, "तू अजून इथंच का रे?" त्यांना टाळायला मी गल्ली बदलून जाऊ लागलो.

आईनं या भानगडीत एकदाच तोंड उघडलं. भाकरी थापता थापता अण्णांना म्हणाली, "पोराला काय लोणच्यासारखं मुरवत ठेवणार आहात?" अण्णांनी ताटातून मान वर केली नाही. "पुढच्या जूनला निघतंय की," एवढंच म्हणाले.

तिसरा जून तोंडावर आला आणि युनिव्हर्सिटीकडून दोन गृहस्थ पाहणीला येणार असं पत्र आलं. यादीतले बहुतेक जण तोवर पुण्या-सांगलीला पोचले होते. हॉल रिकामा दिसायला नको म्हणून वकीलसाहेबांनी आपले कारकून आणि शेटजींच्या पेढीवरचे गुमास्ते विद्यार्थी म्हणून बाकांवर बसवले. त्यांतल्या एकाच्या मिशा पिकायला लागल्या होत्या. अण्णांना हे पसंत नव्हतं. त्यांनी नुसती यादी पुढे केली.

पाहुण्यांनी यादीतलं पहिलं नाव पुकारलं. मी उभा राहिलो. मॅट्रिक कधी झालास, असं त्यांनी विचारलं. तीन वर्षं होत आली, म्हणालो. मग एवढे दिवस काय करतोस?

खोटं बोललो असतो तर अण्णांची लाज राहिली असती आणि माझं आणखी एक वर्ष गेलं असतं. मी म्हणालो, "वाट बघतोय."

अण्णा खाली बघत राहिले. आता कमिटीचं पितळ उघडं पडणार, या कल्पनेनं मला बरं वाटलं, हे मी कबूल करतो. पण वकील तो वकील. पाहुण्यांची पाठ वळताच त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मलाच वहीत लिहून घ्यायला सांगितलं, की येथील विद्यार्थी तीन-तीन वर्षे वाट पाहत आहेत, यावरून या गावी कॉलेजाची किती निकड आहे हे सिद्ध होते. तीन वर्षांत एकदा खरं बोललो, तर तेही त्यांच्या कामी आलं. मी टाक दौतीत बुडवला.

अण्णांनी माझ्या हातातला टाक काढून घेतला. "पुढचं मी लिहितो," ते हळूच म्हणाले. "तू घरी जा, ट्रंक भर."

चार दिवसांनी ते मला स्टेशनवर पोचवायला आले. वळकटी त्यांनीच उचलली होती. गाडी सुटायला आली तेव्हा खिडकीशी येऊन त्यांनी विचारलं, "यादीतलं नाव राहू देऊ का तुझं? पुढल्या वर्षी इंटरला इकडं येता येईल." मला भयंकर संताप आला. आईनं दिलेला शेंगाचटणीचा डबा उगाच इकडचा तिकडे केला. गाडी हलली तरी ते उत्तराची वाट बघत उभे होते.

पुण्यात कॉलेजच्या कचेरीत कारकुनानं माझं नाव लिहून घेतलं आणि गाव विचारलं. सोलापूर, म्हणालो. मॅट्रिकचं साल बघून त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"एवढं मोठं गाव, आणि तिथं कॉलेज नाही?"

"निघतंय की," मी म्हणालो. "पुढच्या जूनला."