मामाने शोधलेला स्वस्त विमानतळ

आधी चहा घ्या. आणि ऐकून झाल्यावर आमच्या सुधाला यातलं काही विचारायला जाऊ नका, एवढी विनंती. ती त्या विषयावर बोलत नाही. बोलली की त्या दिवशी मला वाढायचं विसरते.

बनारसमध्ये आमच्या पाच पिढ्या झाल्या. या पाच पिढ्यांत मराठी माणसांनी काय काय चुका नाही केल्या? चुकीच्या घरी मुली दिल्या, चुकीच्या माणसाला खोल्या भाड्याने दिल्या. पण चुकीच्या ठिकाणी विमान? ते मात्र मी एकट्यानेच उतरवलं.

नाही हो, चालवत नव्हतो मी! मला स्कूटर धड येत नाही.

चालवत होता माझा भाचा, शंतनू. माझी थोरली बहीण कुसुमताई पुण्याला असते, तिचा हा मुलगा. नोकरी संगणकाची, हौस विमानाची. रीतसर लायसन काढलंय आणि एका मित्राबरोबर भागीत जुनं चार सीटांचं विमान घेतलंय. त्याने फोटो पाठवला तेव्हा सुधा चष्मा लावून म्हणाली, "अहो, याला पंखा एकच आहे! आपल्या हॉलमध्येसुद्धा दोन आहेत."

तर ताई ऐंशीची. बालाजी घाटाजवळच्या आमच्या याच गल्लीत लहानाची मोठी झाली. पण गुडघे गेले आणि माहेर तुटलं. कित्येक वर्षांत आली नव्हती. गल्लीच्या टोकाला तिची जिवाची मैत्रीण, शांताताई. दोघींची रोज सकाळी फोनवर दूध उतू जाईपर्यंत बडबड. त्या शांताताईला तिचा मुलगा श्रीधर कायमचा बंगळुरूला न्यायला निघाला. तिकिटं झाली, सामान बांधायला काढलं. शांताताई फोनवर ताईला म्हणाली, "कुसुम, एकदा येऊन जा गं. तिकडून मी काही परत येत नाही."

ताई दिवसभर जेवली नाही. शेवटी शंतनू म्हणाला, "आई, रडू नकोस. मी नेतो तुला. माझ्या विमानातून!"

आणि मग त्याने मला फोन केला. तिथेच घात झाला.

"मामा, मोठ्या विमानतळावर आमच्यासारख्या छोट्या विमानाला फार खर्च येतो रे. उतरायचे पैसे, उभं करायचे वेगळे, शिवाय सगळे सोपस्कार. आसपास एखादी लहान हवाईपट्टी आहे का? स्वस्तातली?"

आता खरं म्हणजे मी म्हणायला हवं होतं, 'बाळा, मला यातलं काही कळत नाही.' पण मी कसा म्हणेन? मी चाळीस वर्षं रेल्वेत नोकरी केलेला माणूस! म्हटलं, "तू काळजीच करू नकोस. अरे, मोठ्या स्टेशनात जागा नसली की गाडी आम्ही बाहेरच्या स्टेशनात नाही का उभी करत? विमानाचं काय वेगळं असतं? मी शोधतो!"

आणि शोधली की! गंगेपलीकडे, डोंगराच्या बाजूला एक जुनी सरकारी हवाईपट्टी निघाली. गावाचं नाव सांगत नाही. माणसं भली आहेत, उगाच त्यांना त्रास नको. शंतनूने नकाशे पाहिले, अर्ज केला, परवानगीचं पत्रही मिळवलं. त्याच्या बाजूने सगळं चोख होतं. एकच गोष्ट राहिली होती.

"मामा, परतीसाठी तेल लागेल. ते सगळीकडे मिळत नाही, काही ठिकाणी ड्रममध्ये ठेवतात. तिथे आहे का, नीट विचारशील?"

"विचारलं समज."

मी पट्टीच्या चौकीदाराला फोन लावला. शिवमूरत त्याचं नाव. आवाज असा प्रेमळ, की वाटावं याच्याकडे मुलगी द्यावी.

"शिवमूरत जी, वहाँ तेल मिलेगा?"

"तेल? अरे बाबूजी, जितना चाहिए उतना मिलेगा! हमारे बड़े भाई का ही काम है।"

बघा! भावाचंच काम! मी शंतनूला लगेच कळवलं. तो म्हणाला, "शंभर नंबरचं आहे का विचार. आमच्या विमानाला शंभरचंच लागतं."

पुन्हा फोन. "सौ वाला है?"

"सौ वाला भी है, डेढ़ सौ वाला भी है। लेकिन बाबूजी, मेहमान के लिए डेढ़ सौ वाला ही लीजिए। एकदम शुद्ध।"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! शंभर मागितलं तर दीडशे मिळतंय. शंतनूला म्हटलं, "शंभरचं आहे. त्याहून भारीसुद्धा आहे."

"त्याहून भारी?" शंतनूने विचारलं. "असं काही नसतं मामा. बरं, रंग विचार. निळा असायला हवा."

तिसरा फोन. शिवमूरत म्हणाला, "नीला? नीला काहे होगा बाबूजी? पीला है, सोने जैसा!"

आता इथे, मित्रांनो, इथे माझ्या जागी एखादा शहाणा माणूस असता तर त्याच्या डोक्यात घंटा वाजली असती. माझ्याही वाजली. पण मी ती बंद केली. म्हटलं, तिकडे निळं असेल, इकडे पिवळं असेल, हा युपी आहे! शिवाय भाच्याला किती वेळा 'विचारून सांगतो' म्हणायचं? मामाची काही इज्जत आहे की नाही?

मी शंतनूला कळवलं, "रंगाचं बघितलं. सगळं ठीक आहे."

हे वाक्य मी हल्ली झोपेत बरळतो, असं सुधा म्हणते.

जाता जाता अंतरही विचारलं होतं. "पास में ही है बाबूजी, डेढ़ घंटा।" शांताताईची गाडी संध्याकाळी पाचची. विमान दहाला उतरणार. म्हणजे बारापर्यंत ताई गल्लीत, दुपारभर दोघींच्या गप्पा, सगळं कसं छान!

त्या दिवशी पहाटेच टॅक्सी केली आणि निघालो. पुलावर ट्रक, पुढे लग्नाची वरात, त्यापुढे फाटक. दीड तासाचे साडेतीन झाले. पोचल्यावर शिवमूरतला म्हटलं, "आप तो डेढ़ घंटा बोले थे!" तो म्हणाला, "हम मोटरसाइकिल का बताए थे। खेत के बीच से।"

पण पट्टी मात्र त्याने आरशासारखी झाडून ठेवली होती. कडेला अर्धं गाव सतरंज्या टाकून बसलेलं. बायका डोक्यावरून पदर घेऊन, म्हातारे काठ्या टेकून. आणि बरोबर दहा वाजून पाच मिनिटांनी आभाळात एक माशी घोंघावली, मोठी झाली, वळली आणि टपकन उतरली. गावाने टाळ्या वाजवल्या. शंतनूने दार उघडलं. ताईला आम्ही चौघांनी मिळून खाली काढलं. तिने वाकून माती कपाळाला लावली, म्हणाली, "अनंता, आले रे मी."

माझ्या डोळ्यांत पाणी. सांगतो तुम्हाला, तेवढी पाच मिनिटं माझ्यासारखा कर्तबगार भाऊ अख्ख्या काशीत नव्हता.

मग शंतनू म्हणाला, "मामा, तेल आधी बघून घेतो. मग निश्चिंत."

शिवमूरतने हाक मारली. त्याचा थोरला भाऊ पुढे आला, नवीन गमछा, कपाळाला टिळा. मागे दोघांनी चार चकचकीत डबे आणून ठेवले. प्रत्येक डब्याला झेंडूची माळ. भावाने एकाचं झाकण उघडलं, आणि त्या माळरानावर असा काही खमंग, झणझणीत वास सुटला, की माझ्या नाकातून पाणी आलं.

"कच्ची घानी का है," भाऊ हात जोडून म्हणाला. "कल ही पेरवाए हैं। ख़ास आपके लिए।"

सरसोंचं तेल! मोहरीचं!

शंतनूने बोट बुडवलं. वास घेतला. डब्याकडे पाहिलं, विमानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मामा," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "रंग कुठला सांगितला होता त्यांनी?"

पिवळा. सोन्यासारखा. मी म्हटलं, "अरे, इंजिनच ना ते? थोडं मिसळून..."

"मामा, याच्यात भजी तळतात!"

शिवमूरत गोंधळला. "काहे, जहाज में नहीं डलेगा? बाबूजी तो बोले मेहमान के लिए चाहिए। हम सोचे पूना वाले हैं, घर ले जाएँगे, अचार-वचार डालेंगे।" त्या बिचाऱ्याची काय चूक? मी एकदा तरी 'विमानाचं तेल' असा शब्द उच्चारला होता का? तुम्हीच सांगा. नव्हता!

टाकीत उरलेल्या तेलावर विमान तेल मिळेल अशा दुसऱ्या कुठल्या ठिकाणीही पोचणार नव्हतं. म्हणजे अडकलं. शंतनू पंखाला टेकून फोन करत सुटला. एका फ्लाइंग क्लबने ड्रम द्यायचं कबूल केलं, पण ट्रकने, कागदपत्रं करून. कधी? "देखते हैं।" आता 'देखते हैं'चा अर्थ मला माहीत आहे, मी स्वतः रेल्वेच्या खिडकीवर बसून लोकांना तेच सांगायचो. त्याच्या भागीदार मित्राचा फोन आला, तो काय बोलला ते लांबवर ऐकू येत होतं. शब्द कळले नाहीत, देवाची कृपा.

या गडबडीत एक वाजला. ताई टॅक्सीत बसून घड्याळ बघत होती. तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शेवटी म्हणाली, "अनंता, पाचची गाडी ना रे शांताची?"

विमान शिवमूरतच्या हवाली करून निघालो. तो म्हणाला, "चिंता मत करिए, हम यहीं खटिया डाल लेंगे।" वाटेत तेच फाटक, तीच वरात. हो, तीच! आता नवरी घेऊन परत निघाली होती. बँडवाले गाडीच्या पुढ्यात नाचत होते, आणि आत माझी ऐंशी वर्षांची बहीण पदराने डोळे टिपत होती. मला वाटलं, आत्ता दार उघडावं आणि सरळ गंगेत जाऊन पडावं. पण गंगा अजून दोन तास लांब होती.

श्रीधरला फोन केला. तो म्हणाला, "काका, आम्ही साडेतीनला निघतोच आहोत." मग कितीही केलं तरी त्याने उचलला नाही.

गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा पावणेपाच झाले होते. पुढे गाडी जात नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून खुर्ची मागून घेतली, ताईला तीत बसवलं आणि मी आणि शंतनू ती उचलून निघालो. धापा टाकत वळण घेतलं. मला समोर कुलूप बघायची हिंमत नव्हती, म्हणून मी खालीच बघत होतो.

"थांब रे अनंता, पाय तुडवशील माझा!"

दारातल्या पायरीवर, चार बॅगांच्या मधोमध, शांताताई! अंगात स्वेटर, हातात काठी, आणि ती काठी आडवी धरून पायरी अडवलेली. मागे श्रीधर कपाळाला हात लावून उभा.

"चार वेळा टॅक्सी बोलावली काका," तो दात आवळून म्हणाला. "आई उठायलाच तयार नाही. म्हणे कुसुम आल्याशिवाय हलत नाही. चार जणांची तिकिटं होती. गाडी आता सुटेल. परवा माझी मीटिंग आहे. विमान दहाला उतरणार होतं ना? मग कुठे होतात तुम्ही?"

मी सांगितलं. त्याने कपाळावरचा हात काढला. मग फक्त म्हणाला, "मोहरीचं?"

तिकडे त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या की रडत होत्या, तेच कळेना. "किती वाळलीस गं!" "तू केवढी सुटलीस!" साठ वर्षांपूर्वीची भांडणं पाच मिनिटांत उकरून काढली. त्या दिवशी जगात माझ्यावर न रागावलेल्या दोनच व्यक्ती होत्या, आणि त्या दोघींनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

श्रीधरला पुढची तिकिटं आठवड्यानंतरची मिळाली. तो माझ्याशी बोलायचा बंद झाला. ड्रम नवव्या दिवशी आला. तोवर शंतनू आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर, त्याची रजा संपलेली, साहेबाचे फोन, मित्राचे फोन. रोज सकाळी शिवमूरतला विचारायचा, "जहाज ठीक है?" आणि शिवमूरत म्हणायचा, "ठीक है भइया, सुबह नहलाए हैं।"

आठवडाभर त्या दोघी म्हाताऱ्या घाटावर उन्हात बसल्या. शांताताई गेली तेव्हाही ताई रडली नाही, म्हणाली, "पोटभर झालं." मग तीही गेली, आल्या वाटेने.

मी म्हटलं, चला, शेवट गोड झाला. शंतनूचा रागही निवला असेल.

परवा सुधाने मोबाईल पुढे केला. हौशी वैमानिकांचा कुठलासा ग्रुप असतो म्हणे; त्यातलं एक पान ताईने तिला पाठवलं होतं. कोणीतरी विचारलं होतं, 'पहिल्यांदाच मोठ्या शहरात विमान घेऊन जातोय. उतरायला स्वस्त विमानतळ कसा निवडावा?'

खाली शंतनूचं उत्तर होतं:

'ज्या शहरात मामा राहत नाही, तिथला कुठलाही.'