बरा झालेला खांदा

मैदानावर त्याला सगळे हातोडा म्हणत. एरवी तो पाणीपट्टीच्या कचेरीतला कारकून, आवाजही बेताचा. पण संध्याकाळी व्हॉलीबॉलच्या जाळीपाशी त्याने उडी मारली की समोरच्यांची पाचावर धारण बसायची. संघाचा लिफ्टर होता त्याचा लहानपणचा मित्र, धंद्याने न्हावी. मित्राने चेंडू उचलून द्यायचा, ह्याने ठोकायचा. कौतुक अर्थातच सगळं ठोकणाऱ्याचं.

एका सामन्यात शेखी मिरवायच्या नादात हातोड्याने हवेतल्या हवेत अंग वाकडं केलं आणि खांद्यावरच आपटला. उजवा खांदा निखळला, शस्त्रक्रिया करावी लागली. तो शुद्धीवर आला तेव्हा मित्र उशाशी बसून रडत होता.

"चेंडू लांब गेला रे माझ्याकडून. माझ्यामुळे झालं सगळं."

चेंडू हवा तिथेच आला होता, हे हातोड्याला पक्कं ठाऊक होतं. पण आपली चूक कबूल करायला जीभ रेटेना. गडी मूग गिळून पडून राहिला.

मित्राने खेळ सोडला. शिवाय दुकान उघडण्याआधी हातोड्याच्या घरी येऊन त्याची दाढी करायला लागला. पुढे डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिली, खांद्याचा व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी शाबासकी दिली. पण कचेरीतून येताना जाळी दिसली की हातोडा वाट बदलायचा. भीती वाटते हे सांगायची लाज, म्हणून अजून दुखतंय असं सांगायचं. रोज सकाळी मित्राचा हलका हात गालावरून फिरला की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी दुसऱ्या दिवशी गाल पुढे करायचाच.

एकदा अर्धी दाढी झाली असताना हातोड्याच्या मुलीने हाक मारली, "बाबा, कपाटावरची कंपासपेटी द्या ना!" हा उठला आणि उजवा हात सरळ वर करून पेटी काढून दिली. वळून बघतो तर मित्र वस्तरा धरून तसाच उभा.

बिंग फुटलं, असं हातोड्याला वाटलं. मित्राने मात्र वस्तरा ठेवून त्याला मिठीच मारली.

"वर गेला रे हात! वहिनी, बघा तरी! आज संध्याकाळी मैदानावर यायचं. मी देतो चेंडू."

त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी जुनी मंडळी जमली. मित्राने चेंडू उचलून दिला. उंच, स्वच्छ, हवा तसा. हातोड्याने उडी मारली आणि अर्ध्यातच हात आखडला. चेंडू त्याच्याच पायाशी पडला.

"माझंच चुकलं," मित्र घाईघाईने म्हणाला, "जरा लांब गेला. पुन्हा देतो."

आता मात्र हातोड्याला राहवेना. "लांब नाही गेला. त्या दिवशीही नव्हता गेला. मीच भाव खायला गेलो आणि पडलो. खांदा केव्हाच बरा झालाय. मला भीती वाटते, म्हणून दुखतंय म्हणत होतो."

मित्राने चेंडू उचलून पोटाशी धरला. मग हळूच बोलला.

"माझी पोरगी मागे लागली होती, मलाही खेळायला शिकवा म्हणून. मी नाही शिकवलं. म्हटलं, माझ्या हातून माणूस मोडतो."

हातोड्याला मान वर करता येईना. चेंडू मित्राच्या हातातच राहिला.