रेडिओच्या मंगळवारच्या सहली

गल्लीच्या कोपऱ्यावर दोन खुर्च्यांचं सलून होतं आणि ते चालवणाऱ्याला सगळे रेडिओ म्हणत. का म्हणत, हे त्याच्या खुर्चीत एकदा बसलेल्याला सांगावं लागत नसे. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं की हा जो सुरू व्हायचा, तो कापड झटकेपर्यंत. गिऱ्हाईक तरी काय करणार? वस्तरा मानेवर असताना वाद कोण घालतो?

त्याच्या बायकोला, म्हणजे गल्लीच्या वहिनींना, बोलायची सवयच नव्हती. त्या मोज्यांच्या कारखान्यात होत्या, मोज्याचं टोक शिवायच्या यंत्रावर. सगळी यंत्रं एकदम धडधडायला लागली की तिथे कानाशी ओरडलेलंही ऐकू जात नसे, म्हणून बायका हातांनी बोलत. दोरा संपला, पाणी दे, चहाला चल, मुकादम आला, प्रत्येक गोष्टीला खूण. अशी वर्षं काढल्यावर वहिनी घरीही मोजकंच बोलत. नवरा दोघांच्या वाट्याचं बोलतच होता, मग हिने कशाला तोंड शिणवायचं?

सलून मंगळवारी बंद असे. वहिनींनी मुकादमाच्या मागे लागून आपली सुट्टीही मंगळवारी करून घेतली आणि दर मंगळवारी सकाळी डबा घेऊन दोघं बाहेर पडू लागली. कधी वस्तुसंग्रहालय, कधी बसने जवळचं एखादं गाव, कधी समुद्र. संग्रहालयात रेडिओ पाट्या वाचण्याच्या भानगडीत पडत नसे. काचेतल्या फुटक्या रांजणापुढे उभा राहून सांगायचा, "हा राणीच्या सासूचा. राणीनेच फोडला आणि मांजराचं नाव पुढे केलं." पाटीवर नुसतं ‘भाजलेली माती’ असायचं. वहिनी ती वाचून गप्प बसत. त्या थापा ऐकायलाच तर त्या येत होत्या.

एका सकाळी गिऱ्हाइकाची दाढी करता करता रेडिओच्या हातातून वस्तरा गळून पडला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. पाय पुढे थोडाफार सुधारला, काठी घेऊन चालता येऊ लागलं. तोंडातून मात्र "आ, आ" याच्या पलीकडे काही निघेना, आणि कुणी लांबलचक बोललं तर तेही त्याला नीट उमगत नसे. दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या मॅडम वहिनींना म्हणाल्या, "शब्द आहेत त्यांच्या डोक्यात. बाहेर यायला वाट सापडत नाहीये. तुम्ही त्यांच्याशी भरपूर बोला."

झाली पंचाईत. भाजी कसली करू, पंखा लावू का, एवढं विचारून झालं की वहिनींचा साठा संपायचा. घर इतकं शांत झालं की शेजारीण एकदा काळजीने दार वाजवून गेली. शेवटी वहिनींनी सहली पुन्हा सुरू केल्या. समोर काही बघायला असलं तर बोलायला सुचेल, एवढीच आशा.

पहिल्याच मंगळवारी संग्रहालयात त्यांनी रांजणाची पाटी वाचून दाखवली. रेडिओने अळणी आमटी पुढ्यात यावी तसं तोंड केलं. मग त्यांनी थाप मारून पाहिली. "हा राजाच्या... राजाच्या भावाचा." पुढे सुचेना. पहारेकरी ऐकतोय असं वाटून कानशिलं तापली आणि नकळत हात उठला. कारखान्यातली चहाची खूण, दोन बोटं ओठाशी. रेडिओने बघितलं, डावा हात उचलला आणि तीच खूण परत केली.

त्यानंतरच्या सहली फार सुखाच्या झाल्या. वहिनींनी त्याला होत्या नव्हत्या त्या सगळ्या खुणा शिकवल्या, आणि तो कसला गप्प बसतोय, त्याने स्वतःच्या आणखी काढल्या. परगावच्या चौकात बसून तो डाव्या हाताने येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या केसांची टिंगल करायचा. याचे उंदराने कुरतडलेत, त्याने कलप कानापर्यंत लावलाय. वहिनी तोंडावर हात दाबून हसत. लग्न झाल्यापासून आपण इतकं कधी बोललोच नव्हतो, असं त्यांना वाटे.

मॅडमच्या मात्र वेगळंच लक्षात आलं. "ते आता आवाज काढायचा प्रयत्नच करत नाहीत," त्या म्हणाल्या. "आधी निदान आ, आ तरी करायचे."

"पण त्यांना सांगता येतंय की सगळं."

"तुम्हाला सांगता येतंय. उद्या तुम्ही कामावर असताना ते पडले तर कुणाला सांगणार? वाचा परत यायला आता थोडे महिनेच हातात आहेत. हाताने मागितलं तर देऊ नका. तोंडातून कसाही आवाज आला, तरच द्या."

आपल्याच हाताने आपण त्याचं तोंड बंद केलं, असं वहिनींना वाटलं. घरी येऊन त्यांनी रेडिओला समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली, पण हल्ली तो सगळ्यालाच मान डोलवत असे.

पुढच्या मंगळवारी दोघं समुद्रावर गेली. बाकावर बसल्याबरोबर वहिनींनी दोन्ही हात पिशवीत घातले. रेडिओने पाण्याची खूण केली.

"तोंडाने, अहो. पाणी म्हणा."

त्याने हसून पुन्हा खूण केली. मग जरा मोठी, सावकाश, नव्या कामगाराला समजवावी तशी. वहिनी लाटांकडे बघत राहिल्या. त्याने त्यांच्या खांद्याला हात लावला.

"म्हणा ना हो. पा... पा..."

त्याचे ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या, कपाळावर घाम आला. आवाज आला नाही. रेडिओने त्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग पिशवीत लपवलेल्या हातांकडे. बराच वेळ बघितलं. आणि आपला डावा हात उचलून मांडीखाली ठेवून दिला.

वहिनींना राहवेना. मॅडम गेल्या खड्ड्यात. त्यांनी बाटली काढली, झाकण उघडून पुढे केली. त्याने घेतली नाही. त्यांनी हातांनी विचारलं, चहा? घरी जायचं? पाय दुखतोय? तो समोर बघत होता.

मग वहिनी बोलायला लागल्या. मुकादम कसा बायकांच्या चहाची वेळ चोरतो, शेजारणीची मांजर कुणाकुणाकडे दूध पिते, सलूनमधल्या दुसऱ्या खुर्चीचा पाय आता दुरुस्त करायला हवा, काय वाट्टेल ते. इतके शब्द आपल्यात होते हे त्यांनाही माहीत नव्हतं. बोलता बोलता आवाज बसला, तरी थांबल्या नाहीत. रेडिओने एकदाही मान वळवली नाही.

बस आली. एरवी त्याला आधाराशिवाय उठता येत नसे, म्हणून वहिनींनी हात पुढे केला. त्याने मांडीखालचा हात काढला आणि त्यांचा हात टाळून काठी धरली.