एक पिकअप, तीन गावं आणि मामाजींचे कान

बुलढाण्याला माझी छोटी रोपवाटिका आहे. लिंबू, पेरू, शेवगा, मोगरा अशी रोपं मी आसपासच्या आठवडी बाजारांत नेऊन विकते. आजवर हा माल भाड्याच्या गाडीतून जायचा. ऐन हंगामात भाड्याचा गाडीवाला म्हणजे लग्नसराईतला फोटोग्राफर. हो म्हणतो आणि येत नाही. यंदा ठरवलं, जुनी का होईना, स्वतःची डिझेल पिकअप घ्यायची. जुनी घ्यायची तर इंजिन पारखणारं माणूस हवं, आणि ते आमच्याच ओट्यावर खुर्ची टाकून पेपर वाचत बसलं होतं.

माझे सासरे. माझं माहेर सासवडचं, पण इकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात, म्हणून मीही म्हणते. एसटीच्या डेपोत चौतीस वर्षं मेकॅनिक. गाडी फाटकातून आत शिरताना नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं सांगायचे, अशी त्यांची ख्याती. आता वय अठ्ठ्याहत्तर. मी जवळ जाऊन विचारलं, "मामाजी, येता का गाड्या बघायला?"

पेपर खाली आला. "आताच निंगाचं का?"

पहिला दिवस मोताळ्याचा. एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट, म्हणजे आमचं दोघांचं मिळून अर्धं तिकीट. इतका स्वस्त तज्ज्ञ उभ्या महाराष्ट्रात मिळायचा नाही. राजूर घाटातून जाणार असाल तर खिडकी धरा, डोंगर छान दिसतात. मामाजींना डोंगर दिसत नव्हते. ते ड्रायव्हरच्या गिअरकडे बघून पुटपुटत होते, "तिसऱ्यात उतर ना बाप्पा, तिसऱ्यात."

मोताळ्याच्या दलालाने पिकअप अशी चकाचक धुतली होती की हळद लावायची तेवढी बाकी होती. इंजिनसुद्धा धुतलेलं. मामाजींनी बोनेटवर तळहात ठेवला.

"गरम हाय."

"ऊन पडलं ना काका बोनेटवर," दलाल म्हणाला.

मामाजींनी वर पाहिलं. गाडी निंबाच्या गर्द सावलीत होती. "ऊन काय निंबाले इचारून आलं का?"

तर वाचकहो, हा पहिला धडा. जुनं डिझेल इंजिन पाहायचं ते रात्रभर थंड झालेलं. गरम केलेलं इंजिन पावडर लावलेल्या चेहऱ्यासारखं, खरा रंग दिसत नाही. आणि इंजिन धुतलेलं असेल तर काय धुऊन टाकलं ते विचारा. मामाजींनी गाडी चालू करायला लावली, ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण काढलं आणि तिथेच उलटं ठेवलं. झाकण थुई थुई नाचलं आणि खाली पडलं. आतून पांढरा धूर भकभक वर आला.

"बॅक कॉम्प्रेशन," मामाजी मला म्हणाले. "आतल्या रिंगा झिजल्या. दाब खाली येऊन राह्यला. याले इंजिन बांधा लागते."

मी विचारलं, "आणि ती टकटक कसली?"

"कोनती टकटक?" ते म्हणाले. मग घाईघाईने, "हो हो, ते तर हायेच." आणि रुमालाने हात पुसत चालायला लागले. मला जरा नवल वाटलं, पण स्टँडसमोर कचोरी गरम निघत होती. नवल तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी चिखलीवरून साखरखेर्डा. सकाळची गाडी पकडा, नंतर चिखलीत ताटकळावं लागतं. दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि मधूनमधून तुरीच्या ओळी, रस्ता कुठे गुळगुळीत, कुठे हाडं मोजणारा. गाडीचा मालक पवन नावाचा तरुण शेतकरी. इंजिन थंड ठेव, असं मी फोनवर बजावलं होतं, आणि त्याने ठेवलं होतं. एका सेल्फमध्ये चालू. सुरुवातीला थोडा पांढरा धूर आला आणि विरला. थंड इंजिनाला तेवढा माफ असतो. धूर निळा असता तर इंजिन ऑइल पितंय. मामाजींनी पट्टी काढून ऑइल पाहिलं. काळं. डिझेलचं ऑइल काळंच असतं, त्याला घाबरू नका. दुधाच्या चहासारखं दिसलं तर मात्र पाणी मिसळलंय, नमस्कार करून निघा. झाकणही जागच्या जागी शहाण्यासारखं बसून राहिलं.

"घेऊन टाक, वंदना," मामाजी म्हणाले.

पण रेस दिली की खालून खोल खडखड येत होती. पत्र्याची नव्हे, आतली. मी पवनकडे पाहिलं. तो चपलेकडे बघत होता.

"मामाजी, खालून आवाज येतोय."

"आवाज नाई."

"येतोय हो. रेस दिल्यावर."

"डिझेल हाय ते, शिलाई मशीन नाई!" शेजारची चार माणसं जमली होती. मामाजींचा चेहरा लाल झाला. "चौतीस वर्षं म्या काय डेपोत शेंगा फोडल्या? तूच पाय मंग." आणि ते रस्त्याकडे चालू लागले.

मी तशीच उभी. गप्प राहून पैसे मोजावेत तर वर्षाची पुंजी जाणार, बोलावं तर म्हातारपणी त्यांची चारचौघांत शोभा. पण मी तर बोलून बसले होते. पवन हळूच म्हणाला, "ताई, खोटं नाही बोलत. मिस्त्री बेअरिंग म्हणला होता. क्रँकचं."

माझं बरोबर निघालं होतं, आणि मला अजिबात बरं वाटत नव्हतं.

मामाजी स्टँडवर बाकावर बसले होते. मी दोन चहा घेतले आणि त्यांच्या उजव्या बाजूला बसले. ते म्हणाले, "काय म्हनला तो?"

"बेअरिंग."

त्यांनी कप मांडीवर टेकवला. "डाव्या कानानं दोन वर्सांपासून काईच नाई. उजव्यानं अर्धंमुर्धं. तुहे पैसे बुडाले असते आज."

"घरी का नाही सांगितलं?"

"सांगून काय होते? डेपोतले पोट्टे अजून फोन करतेत. काका, आवाज ऐका म्हनतेत. मी फोन कानाले लावतो आन् अंदाज सांगतो."

"आणि?"

"आतापर्यंत बरोबर निंगाले."

मी हसले. ते हसावं की नाही या विचारात पडले आणि मग इतके हसले की चहा धोतरावर सांडला. तिथेच आमचा करार झाला. ऐकायचं मी, ओळखायचं त्यांनी. बीबीकडे जाणारी काळी-पिवळी जीप येईपर्यंत स्टँडवरून गेलेल्या प्रत्येक वाहनावर माझी तोंडी परीक्षा झाली. "हे कसं वाजलं?" "ओला फटाका विझल्यासारखं." "हां, एअर फिल्टर चोंदलं त्याचं." खरंखोटं देव जाणे, मागे काळा धूर मात्र होता.

मलकापूर पांग्रा, दुसरबीड करत दुपारी बीबीला पोचलो. काळी-पिवळीत चौघांच्या सीटवर सहा, तेव्हा पाठीची सोय आपापली. बघायची तिसरी गाडी इंगळे सरांची. सर शाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी, शीलाताई, इतकी वर्षं दुधाचा धंदा करायच्या आणि पिकअप त्याच चालवायच्या. आता गुडघे क्लच दाबू देत नाहीत म्हणून विकायची. बैठकीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंखाली चहा झाला. उठता उठता मामाजी स्वतःच म्हणाले, "सर, एक सांगतो. मले ऐकू कमी येते. ऐकनार माही सून हाय."

सर म्हणाले, "मग गाडीची परीक्षा दोन परीक्षक घेणार म्हणा."

गाडी थंड होती, धूळ खाल्लेली होती, आणि मला तिथेच आवडली. चालू झाल्यावर मी इंजिनाशी कान नेला आणि मामाजींच्या उजव्या कानात ओरडले, "जात्यात भरडा टाकल्यासारखं!"

"वरून का खालून?"

"वरून!"

"रेसनं वाढते?"

"नाही, मिसळून जातं!"

"मंग टापेट. सेटिंग करून घेऊ, खर्च किरकोळ."

शेजारपाजारचे लोक अंगणात जमले. कुणीतरी विचारलं, "काऊन ओरडून राह्यले हे?" शीलाताई शांतपणे म्हणाल्या, "गाडी घेऊन राह्यले."

मग मामाजींनी खिशातून लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक एका इंजेक्टरजवळ टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबली. डोळे मिटले. असं एकेक करत चारही. चौथ्याला ते बराच वेळ तसेच वाकून राहिले. "हे मले येते ऐकू," ते म्हणाले. "हाडातून." नुकताच घास तोंडात घेतलेल्या उपाशी माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

सुलतानपूरच्या रस्त्याला चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी ओढून पाहिली. दम लागला नाही. इंजिन एकदा उघडल्याचं सरांनी आपणहून सांगितलं आणि त्या कामाची बिलं तारीखवार लावलेली फाइल पुढे केली. इंजिन नंबर मामाजींनी फडक्याने पुसला, मी आरसी बुकवरून आकडे मोठ्याने वाचले. फिटनेस आणि विमा चालू होता. दोन लाख वीस सांगितले होते. मागचे टायर गुळगुळीत म्हणून सरांनी दहा हजार सोडले. शीलाताईंनी गाडीवरून एकदा हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "पहिला गिअर हळू टाकजो. रागावते."

आठवड्याने कागद झाले आणि मेहकर, चिखली करत मीच गाडी घरी आणली. तोवर मामाजींनी जेवताना घरात स्वतःच सगळं सांगून टाकलं होतं. माझ्या नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं.

आता हिशेब काय राहिला म्हणाल तर, गाडी चांगली निघाली. आमच्याकडून दोन गोष्टी सुटल्या, वायपर आणि टाकीच्या नळीची बारीक गळती; तेवढी तुम्ही बघून घ्या. पहिला गिअर खरंच रागावतो. माझी रोपं आता वेळेवर बाजारात पोचतात, आणि रस्त्यात कुठलंही वाहन जवळून गेलं की मी त्याचा आवाज मनातल्या मनात सांगू लागते. ही सवय जात नाही.

गेल्या रविवारी मामाजींची कानाची मशीन आली. ती लावून ते थेट पिकअपसमोर उभे राहिले. "चालू कर."

मी चाबी फिरवली. ते दचकून मागे सरले.

"बंद कर, बंद कर! इतका कल्ला करते हे? कोनं पसंत केली?"

"आपण दोघांनी."

"पुन्हा कर चालू." या वेळी ते पुढे झाले, मान तिरकी करून उभे राहिले. मग माझ्याकडे वळले. "फॅन बेल्ट चूं चूं करून राह्यला. तुले कसा नाई आला ऐकू?"

मी कान दिला. आधी काहीच नाही. मग, अगदी बारीक, खरंच येत होता.